फी माफीचा अर्ज करताना

बारावीचा निकाल लागला की घरात पेढे येतात आणि पाठोपाठ एक वही निघते. त्या वहीत आई-वडील आकडे मांडू लागतात. प्रवेश परीक्षांचे फॉर्म भरून झालेले असतात, त्यांची झळ अजून विसरलेली नसते. आता कॉलेजची फी, वसतिगृहाची अनामत, मेस, पुस्तके, एस.टी.चा पास. बेरीज खाली सरकत जाते तसा वडिलांचा चेहरा उतरत जातो. शेवटी "बघू, काहीतरी होईल," असे म्हणून वही मिटली जाते.

हे 'काहीतरी' म्हणजे काय, ते बहुतेक घरांत ठरलेले असते. आईच्या बांगड्या, पतपेढीचे कर्ज, नाहीतर मामांकडे शब्द टाकणे. या यादीत एक साधी गोष्ट मात्र क्वचितच असते. ती म्हणजे कॉलेजला किंवा संबंधित कार्यालयाला केलेला लेखी अर्ज : आमची परिस्थिती अशी आहे, फीमध्ये सवलत मिळावी.

हा अर्ज का केला जात नाही? काहींना अशी सोय असते हेच ठाऊक नसते. काहींना वाटते, आपल्याला कोण देणार! पण सर्वांत मोठी अडचण संकोचाची असते. "आजवर कुणापुढे हात पसरला नाही, आता मुलीच्या शिक्षणासाठी पसरायचा का?" असे म्हणणारे स्वाभिमानी पालक आपल्या सर्वांच्या ओळखीत आहेत. त्यांचा स्वाभिमान खराच आहे. पण त्याची किंमत अनेकदा मुलांना मोजावी लागते, म्हणून आज या विषयावर थोडे सविस्तर बोलू या.

मागण्यात कमीपणा कसला?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शिक्षण आठवून पाहा. मॅट्रिकनंतर घरची परिस्थिती कॉलेजचा खर्च पेलण्यासारखी नव्हती. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे या हुशार विद्यार्थ्यासाठी शब्द टाकला. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि एल्फिन्स्टन कॉलेजचे शिक्षण पार पडले. पुढे १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. १९२० मध्ये अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा स्वतःची साठवलेली पुंजी, नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत असे तीन धागे एकत्र आले. कुणीतरी शब्द टाकला, कुणीतरी दिले, आणि त्याचे सोने झाले.

महाराष्ट्राच्या शिक्षणाचा इतिहास अशाच आधारांवर उभा आहे. शाहू महाराजांची वसतिगृहे, १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांचे 'कमवा आणि शिका', यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना सुरू झालेली ई.बी.सी.ची सवलत. आज साठी-सत्तरीत असलेल्या किती तरी डॉक्टरांनी, प्राध्यापकांनी आणि अधिकाऱ्यांनी शाळेत ई.बी.सी.चा फॉर्म भरलेला आहे. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. सवलतीसाठी ठेवलेला पैसा हा त्याच कामासाठी असतो. पात्र मुलाने तो मागितला नाही, तर त्याचा उपयोगच होत नाही.

साडेसतरा हजार रुपयांची गोष्ट

२०२४ च्या उन्हाळ्यात उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातील एका दलित मजुराच्या मुलाला धनबादच्या आय.आय.टी.त इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची जागा मिळाली. जागा पक्की करण्यासाठी १७,५०० रुपये भरायचे होते आणि मुदत होती २४ जून, संध्याकाळी ५ वाजेपर्यंत. वडील रोजंदारीवर काम करणारे. गावातून पैसे गोळा होईपर्यंत पावणेपाच वाजले. संगणकावर माहिती भरता भरता वेळ संपली आणि जागा गेली.

मुलगा स्वस्थ बसला नाही. त्याने आयोगाचे दार ठोठावले, विधी सेवा प्राधिकरणाकडे गेला, उच्च न्यायालयात गेला आणि अखेर सर्वोच्च न्यायालयात पोचला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने घटनेच्या १४२ व्या कलमाखालील विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. दुसऱ्या कुणाची जागा न काढता त्याच्यासाठी जादा जागा निर्माण करायला सांगितले.

गोष्ट गोड झाली. पण यातली एक बाब पालकांनी नीट लक्षात घ्यावी. आय.आय.टी.त अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. म्हणजे पुढच्या चार वर्षांची मोठी रक्कम माफ होती, अडले ते दाराशी भरायच्या पहिल्या रकमेपाशी. गरीब घरातल्या मुलांचे असेच होते. मोठ्या फीची सोय योजनेत असते. फॉर्मची फी, जागा पक्की करण्याची रक्कम, वसतिगृहाची अनामत ही छोटी रक्कम मात्र रोख आणि ठरल्या तासाला लागते. प्रत्येकाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाता येत नाही. म्हणून तयारी आधीच हवी.

कोणती फी कोण माफ करतो?

"फी माफ करा" असे मोघम म्हणून भागत नाही. कॉलेजच्या वाटेवर साधारण चार वेळा पैसे भरावे लागतात आणि दर वेळी विचारायचे ठिकाण वेगळे असते.

पहिली, परीक्षेच्या फॉर्मची फी. २०२४ मध्ये 'नीट'चा फॉर्म खुल्या वर्गासाठी १,७०० रुपये, आर्थिक दुर्बल घटक आणि इतर मागासवर्गासाठी १,६०० रुपये आणि अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांसाठी १,००० रुपये होता. 'जेईई मेन'ला खुल्या वर्गातील मुलांना १,००० तर मुलींना ८०० रुपये होते. 'जेईई ॲडव्हान्स्ड'ला मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींना १,६०० व इतरांना ३,२०० रुपये. या परीक्षांत सवलत वर्गाप्रमाणे ठरलेली असते. फॉर्म भरताना योग्य वर्ग निवडला की ती आपोआप लागते, पण त्या वर्गाचा दाखला हाताशी हवा. केंद्रीय संस्थांसाठी ओ.बी.सी. आणि आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्याच्या नमुन्यातला दाखला तिथे चालत नाही, आणि हे ऐनवेळी कळले की धावपळ उडते.

खासगी आणि अभिमत विद्यापीठे आपापले फॉर्म स्वतंत्र विकतात. चार ठिकाणी अर्ज केले तर हजारो रुपये फॉर्मांतच जातात. अशा ठिकाणी प्रवेश विभागाला आधी पत्र लिहून अर्ज शुल्क माफ होईल का, असे जरूर विचारावे. माहितीपत्रकात सवलतीचा उल्लेख नसला, तरी विचारायला पैसे पडत नाहीत.

दुसरी, जागा पक्की करण्याची रक्कम. ही सहसा माफ होत नाही. फार तर पुढच्या फीमध्ये वळती होते. म्हणून घरात पैसे जमवायचे असतील, तर ते सर्वांत आधी या रकमेसाठी जमवावेत.

तिसरी, शिक्षण शुल्क, म्हणजे ट्यूशन फी. मोठ्या योजना आहेत त्या इथेच. महाराष्ट्रात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी निम्मे शिक्षण शुल्क मिळते. जुलै २०२४ मधील शासन निर्णयाने याच उत्पन्न मर्यादेतील आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागासवर्गातील मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत देण्यात आली. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि त्याहून जास्त असल्यास फ्रीशिप आहे. या सर्वांचे अर्ज 'महाडीबीटी' या शासनाच्या संकेतस्थळावर भरायचे असतात.

इंजिनीअरिंगला आणखी एक दार आहे. ए.आय.सी.टी.ई.च्या नियमानुसार प्रत्येक मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात मंजूर जागांच्या पाच टक्के जादा जागा शिक्षण शुल्क माफीच्या असतात. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये. या जागा गुणवत्तेवर मिळतात, प्रवेशाच्या वेळीच तो पर्याय निवडावा लागतो आणि पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. माफ होते ते फक्त शिक्षण शुल्क. बाकीची फी भरावीच लागते.

आय.आय.टी.त २०१६ मध्ये वार्षिक शिक्षण शुल्क ९० हजारांवरून २ लाख रुपये झाले, तेव्हाच अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि १ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्यांना पूर्ण माफी, तर १ ते ५ लाख उत्पन्न असलेल्यांना दोन तृतीयांश माफी ठरली. नुसता '२ लाख' हा आकडा पाहून कुणी हुशार मुलाला आय.आय.टी.चे स्वप्न सोडायला लावू नये.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकांनी लक्षात ठेवावे, की राज्याच्या योजना त्या राज्याच्या रहिवाशांसाठी असतात. इंदूरकरांनी मध्य प्रदेशची मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना पाहावी, बडोदेकरांनी गुजरातची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना पाहावी.

चौथी म्हणजे उरलेली सगळी फी : विकास निधी, प्रयोगशाळा, वसतिगृह, मेस. इथे शासनाची योजना अपुरी पडते आणि कॉलेजला केलेल्या अर्जाचे महत्त्व वाढते. बहुतेक जुन्या कॉलेजांत विद्यार्थी साहाय्य निधी असतो, माजी विद्यार्थ्यांनी ठेवलेल्या देणग्या असतात. प्राचार्यांना हप्ते करून देता येतात. पण यातले काहीही अर्जाशिवाय होत नाही.

कागद आधी, निकाल मागून

निकालानंतर कागद गोळा करायला निघालेला पालक नेहमी उशिरा पोचतो. जूनमध्ये सेतू केंद्रापुढे रांगा लागतात, केंद्राचा संगणक बंद पडतो, तलाठी गावात नसतात. ही कामे एप्रिलमध्येच उरकावीत. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपले, की मागील वर्षाचा उत्पन्नाचा दाखला काढायला लागावे. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखलाही एका आर्थिक वर्षापुरता असतो. मागच्या वर्षीचा चालत नाही.

एका फाइलमध्ये एवढे कागद असावेत : तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशन कार्ड, लागू असल्यास जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि मुलाच्या नावाचे आधारशी जोडलेले बँक खाते. घरात आजारपण असेल तर दवाखान्याची कागदपत्रे आणि नोकरी गेली असेल तर कामावरून कमी केल्याचे पत्र. प्रत्येकाच्या चार-पाच झेरॉक्स प्रती.

दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रावर ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, असे सांगून पैसे काढणारे मध्यस्थ भेटतात. मार्च २०२५ मध्ये राज्य शासनाने जात, उत्पन्न, रहिवासी अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रावरील मुद्रांक शुल्क माफ केले. साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने ते देता येते.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. उत्पन्न कमी दाखवून दाखला काढण्याच्या मोहात पडू नये. पुढे तपासणी झाली तर सवलत जाते, प्रवेश धोक्यात येतो आणि ती सवलत ज्याला मिळायला हवी होती, त्याची संधी हुकलेली असते.

अर्ज कसा लिहावा?

आमच्या ओळखीच्या एक बाई पोळी-भाजीचे डबे देतात. मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला, पण पूर्ण फी एकदम भरता येईना. त्या दोन वेळा कॉलेजात गेल्या, खिडकीवरच्या कारकुनाला सांगितले. "बघू काकू, साहेबांच्या कानावर घालतो," असे उत्तर मिळाले. आठवडा गेला. मुदतीला तीन दिवस उरले तेव्हा चौकशी केली, तर साहेबांच्या कानावर काहीच गेले नव्हते. मग त्यांच्या मुलीने एक पानी अर्ज लिहिला, प्राचार्यांच्या कार्यालयात दिला आणि दुय्यम प्रतीवर शिक्का घेतला. दुसऱ्या दिवशी बोलावणे आले. तीन हप्ते करून मिळाले आणि काही रक्कम साहाय्य निधीतून माफ झाली. तोंडी विनंती कारकुनाच्या खिडकीवरच राहिली होती. कागद मात्र टेबलावर पोचला.

अर्ज एका पानाचा असावा. त्यात पाच गोष्टी याव्यात : तुम्ही कोण, अडचण काय, नेमकी किती रकमेची सवलत हवी, तुम्ही स्वतः किती भरू शकता आणि पुरावा कोणता जोडला आहे. अर्ज शक्यतो विद्यार्थ्याने स्वतः लिहावा. खाली एक नमुना देत आहे. त्यातले आकडे आणि तपशील अर्थातच आपापले घालावेत.

प्रति,
मा. प्राचार्य,
(महाविद्यालयाचे नाव व पत्ता)

विषय : प्रथम वर्ष बी.एस्सी.च्या फीमध्ये सवलत व हप्ते मिळण्याबाबत.

महोदय,
मी बारावी विज्ञान परीक्षेत ७८ टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाले आहे. आपल्या महाविद्यालयाच्या पहिल्या गुणवत्ता यादीत माझे नाव असून प्रवेशाची अखेरची तारीख (तारीख) आहे.

माझे वडील रिक्षा चालवतात. फेब्रुवारीत त्यांच्या पायाचे ऑपरेशन झाल्यापासून घर आईच्या शिवणकामावर चालते. तहसीलदारांच्या दाखल्यानुसार आमचे वार्षिक उत्पन्न ९६,००० रुपये आहे.

प्रवेशाची एकूण फी १८,४०० रुपये आहे. त्यापैकी ४,००० रुपये आम्ही प्रवेशाच्या दिवशी भरू शकतो. उरलेल्या १४,४०० रुपयांपैकी शक्य तेवढी रक्कम विद्यार्थी साहाय्य निधीतून माफ करावी आणि बाकीची चार मासिक हप्त्यांत भरण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. निर्णय अखेरच्या तारखेपूर्वी कळवल्यास उपकृत होईन.

सोबत : उत्पन्नाचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, रेशन कार्डाची प्रत, दवाखान्याची कागदपत्रे.

आपली नम्र,
(नाव, सही, पत्ता, फोन)

पाहा, या पत्रात रडगाणे नाही. "आम्ही फार गरीब आहोत, आमच्यावर दया करा," असे कुठे म्हटलेले नाही. परिस्थिती दोन-तीन वाक्यांत आली आहे आणि प्रत्येक वाक्याला कागदाचा आधार आहे. 'आम्ही ४,००० भरू शकतो' या वाक्याला फार वजन असते. हे कुटुंब आपला वाटा उचलायला तयार आहे, हे त्यातून दिसते. शिवाय रक्कम नेमकी सांगितली, की निर्णय घेणाऱ्याचे काम सोपे होते. "काहीतरी सवलत द्या," या विनंतीवर सही करणे कुणालाही अवघडच.

अर्ज प्रवेश परीक्षेच्या किंवा प्रवेशाच्या फॉर्मच्या फीसाठी असेल, तर तो आणखी लहान असावा आणि फॉर्मची मुदत संपण्यापूर्वी किमान पंधरा दिवस आधी पाठवावा. आधी पैसे भरून नंतर परतावा मागितला, तर तो सहसा मिळत नाही.

अर्ज दिल्यानंतर

दुय्यम प्रतीवर तारीख आणि शिक्का घ्यावा. ई-मेलने पाठवला असेल तर तो जपून ठेवावा. चार दिवसांत उत्तर नाही आले, तर नम्रपणे विचारावे. "सर, मंगळवारी अर्ज दिला होता, त्याचे काय झाले?" असे विचारणे म्हणजे मागे लागणे नव्हे. भेटीला बोलावले तर विद्यार्थ्याने स्वतः जावे, पालकांनी सोबत असावे. वर्गशिक्षकांची किंवा जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांची शिफारस असेल तर तीही न्यावी.

शासनाच्या योजनेस पात्र असलेल्या विद्यार्थ्याकडून शासनाच्या वाट्याची रक्कम प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, अशा सूचना महाविद्यालयांना दिलेल्या आहेत. तरीही कुठे पूर्ण फी मागितली गेली, तर भांडण न करता त्या योजनेचा शासन निर्णय छापून सोबत न्यावा आणि लेखी विचारणा करावी. लेखी प्रश्नाचे उत्तर जपूनच द्यावे लागते. फीची बाकी आहे म्हणून मूळ गुणपत्रिका किंवा दाखले अडकवून ठेवण्यालाही विद्यापीठ अनुदान आयोगाने मनाई केलेली आहे.

नकार आलाच तर? मग दुसरे दार. ए.आय.सी.टी.ई.ची मुलींसाठीची 'प्रगती' शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजार रुपयांची आहे. पुण्यात शिकायला येणाऱ्या गरजू मुलामुलींसाठी डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीची वसतिगृहे आहेत. विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना आहे. कर्ज हे शेवटचे दार असावे. माफी आणि शिष्यवृत्ती मिळून जी रक्कम उरेल, तेवढ्याचेच कर्ज काढावे.

परदेशी विद्यापीठांचे अर्ज

हल्ली लहान गावांतली मुलेही परदेशी विद्यापीठांत अर्ज करतात. अमेरिकेत नुसत्या अर्जाचीच फी असते. एम.आय.टी.ची २०२४ च्या सुमारास ७५ डॉलर होती. सात-आठ ठिकाणी अर्ज केले, तर रुपयांत हा आकडा चाळीस हजारांच्या वर जातो. पण तिथे फी माफीची विनंती करणे ही अगदी नेहमीची बाब समजली जाते. पदवी अभ्यासक्रमासाठी हजाराहून जास्त कॉलेजे 'कॉमन ॲप' हा एकच फॉर्म वापरतात आणि त्यात फी माफी मागण्याचा रकानाच असतो. शाळेतील समुपदेशक किंवा जबाबदार व्यक्ती त्या परिस्थितीला दुजोरा देते.

काही विद्यापीठे ही सवलत फक्त आपल्या देशातील विद्यार्थ्यांना देतात, काही परदेशी विद्यार्थ्यांनाही देतात. पदव्युत्तर अभ्यासक्रमांना नियम अधिक कडक असतात. म्हणून आधी संकेतस्थळावरचा नियम वाचावा आणि मग प्रवेश कार्यालयाला चार ओळींचे ई-मेल लिहावे : मी अमुक अभ्यासक्रमासाठी अर्ज करत आहे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न इतके आहे, अर्जाची फी आमच्या एका महिन्याच्या मिळकतीच्या इतक्या हिश्शाएवढी होते, ती माफ होऊ शकेल का? एवढे पुरते. फी माफ मागितली म्हणून प्रवेश नाकारतील, ही भीती मनात धरू नये. आणि "आम्ही फी माफ करून देतो," असे सांगून पैसे मागणाऱ्या एजंटापासून दूर राहावे. जे काम एका ई-मेलने होते, त्याला एजंट कशाला?

मुलांपासून लपवू नका

शेवटी पालकांना एक विनंती. मुलांना पैशाची अडचण कळू नये, म्हणून आपण खूप धडपडतो. पण अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी घरचे आकडे समजण्याएवढी मोठी असते. ती वही त्यांच्यापुढे उघडी ठेवा. "आपल्याकडे इतके आहेत, इतके कमी पडतात, त्यासाठी आपण अर्ज करू," असे शांतपणे सांगा. अर्ज त्यांनाच लिहू द्या. ज्यांना काहीच सांगितले जात नाही ती मुले बरेचदा स्वतःच अंदाज बांधतात आणि "मला नाही जायचे त्या कॉलेजात," असे म्हणून मोकळी होतात. त्यांनी कुणासाठी माघार घेतली, हे आई-वडिलांना कधी कळतही नाही.

घरात यंदा बारावीचे मूल असेल, तर या रविवारी एवढेच करा. फाइल काढा, कोणता दाखला कमी आहे ते पाहा, ज्या कॉलेजांचा विचार आहे त्यांच्या फीचे आणि मुदतीचे आकडे एका कागदावर लिहा आणि अर्जाचा कच्चा मसुदा तयार ठेवा. निकाल लागेल तेव्हा पेढे आणायला तुम्ही मोकळे असाल.